आहेराच्या ताटातली घडी

वाचणाऱ्यांनो, तुमाला ठावं हाय आता काय येणार. वर काळ्या चौकटीत फोटो, खाली 'लॉंड्री कामगारांचा आधारवड हरपला', मग जन्म, मग संघर्ष, मग कधी न भरून येणारी पोकळी. ते पाहिजे असलं तर युनियनच्या हापिसाबाहेर फ्लेक्स लागलाय, तितं जाऊन वाचा. त्यात आमच्या रशीदमामांच्या अंगावर कोट आन टाय हाय. फ्लेक्सवाल्यानं कंप्युटरवर चढवलाय. लोकांच्या कोटांना इस्त्री मारण्यात ज्याचा जन्म गेला त्याच्या अंगाला कोट मेल्यावर लागला, आन तोबी चुरगाळलेला. हितं तसलं काय मिळायचं न्हाई. मला मामांसंगं बोलायचंय. ऐकायचं तर ऐका, न्हाईतर पान उलटा, पलीकडं चादरींची जाहिरात हाय.

तर मामा, तुमी स्टुलावर बसलात.

मला अजून पटंना. पहिल्या संपात तुमी मालकांकडनं दोन गोष्टी घेतल्या होत्या, जेवायला अर्धा तास आन प्रत्येक टेबलामागं एक स्टूल. दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा दोरीवानी फुगायच्या, म्हणून स्टूल. आमी सगळे गिऱ्हाईक नसलं की टेकायचो. तुमी न्हाई. कुणी विचारलं की म्हणायचात, "मैं बैठा तो मालक म्हणंल, बघा, स्टूल दिलं की माणूस आळशी होतंय." स्टुलावर तुमचा डबा बसायचा, तुमी उभं.

आन गुरवारी दुपारी चहा झाल्यावर तुमी डबा खाली ठेवला आन बसलात. पोरं वरडली, "ओ, मामा बसले! मामा बसले!" आता मी, शेजारच्या टेबलावरचा नकल्या, गप बसंन तर शपथ. मी बोट जिभेला लावलं, हवेत टेकवलं आन तोंडानं 'छस्स' केलं. इस्त्री तापली का बघताना तुमी तसं करायचात, आन सवय इतकी की भाषणातबी मुद्द्याच्या आदी हवेत बोट टेकवायचात. मग तुमच्यावानी खोकलून तुमच्या आवाजात चालू झालो, "साथियों! हा स्टूल बसायला न्हाई, लढून घेतलाय! जो बसंल त्याची चौकशी होईल बे!"

सगळे हसलालेत. मालक सुदा हसला. तुमी भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. आमाला वाटलं रुसल्याचं सोंग. नेहमी तसंच करायचात की, आन मग एका डोळ्यानं बघायचात.

मग वास आला.

मामा, कापड जळल्याचा वास आमाला नवा न्हाई. हितं प्रत्येकाच्या हातनं कधी ना कधी जळलंय. माझ्या हातनं तर एका वकिलाच्या पँटीला तिसरा खिसा झालाय. पण तुमच्या टेबलावरनं तो वास कधीच आला न्हवता. म्हणून कुणी इस्त्रीकडं पळालंच न्हाई. सगळे तुमच्याकडं पळाले. इस्त्री तशीच जळत राहिली आन सगळे तुमाला हलवू लागले. माणूस गेलाय हे आमाला डॉक्टरनं सांगायच्या आदी त्या वासानं सांगितलं. आन मी तोवर तुमच्या आवाजातच होतो. 'चौकशी' हा शब्द अजून माझ्या तोंडात होता.

तवापासनं माझा आवाज बसलाय. म्हणजे बोलता येतंय, पण कुणाची नक्कल करायला गेलं की माझाच आवाज निघतोय. मोहोळच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर करणारा मी, घरी भाजीवाल्याचीबी नक्कल होईना. आई म्हणाली, "बरं झालं." मग मलाच जवळ घेऊन रडली.

शर्ट कुणाचा जळाला ते आमी नंतर बघितलं. गिऱ्हाइकाचा न्हवता. तुमचाच होता, पांढरा, कॉलर झिजलेला. मालकाच्या करंटावर स्वतःच्या कापडाला इस्त्री न्हाई, हा तुमचा नियम, आमच्या बोकांडी बसवलेला. त्या दिवशी तुमीच मोडलात. पोरं म्हणाली मामांनी असं कसं केलं. मला ठावं होतं. तो शर्ट रविवारच्या सभेसाठी होता, आन रविवारी काय होणार होतं ते आपल्या दोघांनाच माहीत.

तुमाला आठवतंय का, आपली गाठ कशी पडली? मी नवा होतो. टेबलावरचा पंखा महिनाभर बंद. तुमी मालकाला चारदा सांगितलं, मालक नुसतं "व्हय व्हय". मी मागच्या बोळातनं फोन लावला आन तुमच्या आवाजात म्हणालो, "छस्स! उद्यापर्यंत पंखा फिरला न्हाई तर आमी फिरू." दुसऱ्या दिवशी वायरमन हजर. मालक तुमाला म्हणाला, "मामा, एवढं रागवायचं न्हाई वो." तुमी आदी त्याच्याकडं बघितलं, मग वर पंख्याकडं, मग सरळ माझ्याकडं. संध्याकाळी मला कोपऱ्यात घेतलं. "काय करलालास बे? युनियनचा आवाज म्हणजे जत्रेतला भोंगा हाय काय?" चांगली दहा मिनिटं झाडलं. मग म्हणालात, "आता फिरतोय ना पंखा? मग बोललो असंन मीच."

त्यानंतर तुमी माझ्या मागं लागलात की युनियनचा इतिहास लिही. मी म्हटलं मी दहावी काठावर पास. तुमी म्हणालात, "हौ, पर तेरे कू माणसं ऐकू येतात. भरल्या पोटाचे प्रोफेसर आले होते दोनदा, त्यांना नुसते आकडे ऐकू आले." तवापासनं रोज चहाला तुमी बोलायचात आन मी वहीत उतरवायचो. कोळशाच्या इस्त्र्या, हाताला पडलेले फोड, तळ्याकाठच्या दगडावर कापड आपटणाऱ्या बायका. पहिली सभा भवानी पेठेत कापड विणायच्या मागांच्या एका शेडमागं भरली, कुणाला सही येत न्हवती, म्हणून एका पांढऱ्या कापडावर प्रत्येकानं आपली धोब्याची खूण घातली. गिऱ्हाइकाच्या कापडावर कोपऱ्यात घालतो तीच, धुतली तरी न निघणाऱ्या शाईची. कुणाचे तीन ठिपके, कुणाची फुली, तुमचा चंद्र. ते कापड अजून हापिसात काचेत लावलंय.

त्यात एका ठिकाणी ठिगळ हाय. मी विचारलं, "मामा, हे काय? फाटलं होतं?"

तुमी चहा तसाच ठेवला.

मग आठ दिवस टाळाटाळ केलीत आन एका दुपारी सांगितलंत. ठिगळाखाली सिद्रामअण्णाची खूण हाय. शाई निघत न्हाई म्हणून वरनं कापड शिवलं. सिद्रामअण्णा तुमचा जोडीदार, शेजारी, त्यानंच तुमाला इस्त्री शिकवली, आन तुमचं नवं लग्न झालं तवा घरी काम वाढलं म्हणून मामीलाबी शिकवली. तुमच्या हाताला वेगळं वळण लागलं. मामीचा हात मात्र सिद्रामअण्णासारखाच बसला, डावी बाही वर, कॉलरखाली बोटभर जागा, काठ आतल्या बाजूला.

आमच्या धंद्यात घडी बघून माणूस वळखतेत. बाहेरच्यांना हसू येईल. पण गठ्ठ्यातनं एक शर्ट काढून दाखवा, मी सांगतो कुणाच्या टेबलावरनं आला.

पहिल्या संपाच्या चौथ्या दिवशी पेठेत एक लग्न होतं. लॉंड्री बंद, मालकानं नवऱ्या पोरीच्या आईला कापडं धुतलेली पण बिनइस्त्रीची परत दिलेली. लग्नाला युनियनचे तिघं जेवायला गेले. सगळे नवरीकडं बघलालेत, आमची मंडळी आहेराच्या ताटाकडं. कडक इस्त्री, आन घडी? सिद्रामची. डावी बाही वर, बोटभर जागा. बातमी जेवण व्हायच्या आत मालकाकडं पोचली, 'संप फुटला, त्यांचाच माणूस फुटला.'

लगोलग सभा भरली, तितं तुमी ताटातला मागून आणलेला शर्ट सगळ्यांपुढं धरलात आन विचारलंत, "ही घडी कुणाची?" सगळे म्हणाले सिद्रामची. सिद्रामअण्णानं शर्ट हातात घेतला, उलटून बघितला, मग तुमच्या तोंडाकडं बघितलं, आन म्हणाला, "माझीच."

त्याच सांजेला तुमी घरी जेवायला बसलात आन मामीनं तुमाला सांगितलं की कापडं तिनं केलीत. पोरीची आई दारात बोचकं ठेवून रडली, दुसऱ्या दिवशी हळद होती, तुमी गेटवर घोषणा देत होता, तिनं दुपारभर बसून इस्त्री केली.

तुमाला तवाच कळलं सिद्रामअण्णा खोटं का बोलला. त्याला घडी बघताच कळलं होतं हात कुणाचा. पुढाऱ्याच्या घरातच संप फुटला असं झालं असतं तर युनियन तितंच संपली असती. तुमी ठरवलं, एक दिवस गप बसू, करार होऊ दे, मग सांगू. करार झाला. युनियनमधनं काढलेला सिद्रामअण्णा होटगीला गेला, टेशनाजवळ टपरी टाकली. आन तुमचा तो एक दिवस, मामा, माझ्या आईचं लग्न झालं, मी झालो, मला मिशा आल्या, तरी संपला न्हाई.

तेवढं एक केलंत, करारानंतर युनियनचा नियम केलात. संप असू दे न्हाईतर बंद, लग्नाचं आन मयताचं कापड अडवायचं न्हाई. सगळे म्हणाले वा, काय मन हाय. का केला ते कुणी विचारलं न्हाई.

मग आपली भांडणं चालू झाली. मी म्हटलं हे इतिहासात जाणार. तुमी म्हणालात जाऊ दे, पण मामीचं नाव नक्को, 'घरातलं एक माणूस' लिही. मी म्हटलं, "मामा, घरात तुमी दोघंच."

"मांजर हाय की."

"मांजर कोळशाची इस्त्री धरतंय?"

तुमी हसला न्हाईत. "लोकं तिला फितूर म्हणतील बे. मी मेल्यावर म्हणतील. तवा मैं किधर से जवाब देऊ?"

मी म्हटलं, "आन सिद्रामअण्णाला म्हणतेत ते?"

तुमी बोट ओलं करून इस्त्रीला टेकवलंत. छस्स झालं न्हाई. इस्त्री बंदच होती.

बुधवारी तुमी मला बाहेर नेलंत, मोबाईल हातात दिलात आन म्हणालात, "सिद्रामला फोन लाव. रविवारी सभेला ये म्हण. मी सगळ्यांपुढं बोलणार हाय."

"मी? मी काय बोलू?"

"माझ्या आवाजात बोल. मेरे से होता नई."

मी न्हाई म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा नकलेला न्हाई म्हटलं, मामा. "ह्या कामाला नक्कल चालत न्हाई," असं मोठ्या शहाण्यागत बोललो. तुमी मोबाईल माझ्या हातनं काढून घेतलात. मग स्वतःच नंबर दाबलात आन तिकडनं "हॅलो" आलं तसं एका दमात म्हणालात, "सिद्या, रविवारी ये की," आन फोन कट केलात. घामानं डबडबला होता. मग मलाच दम भरला, "आन रविवारी मी बोलताना मागं नक्कल करायची न्हाई." मी म्हटलं, "बघू."

रात गेली, गुरवार उजाडला, आन तुमी स्टुलावर बसलात.

तुमाला माती देऊन आलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या लॉंड्र्या बंद ठेवल्या. पण आपल्याकडं एक लग्नाचं बोचकं पडलं होतं, आन नियम तुमचाच. शटर अर्धं खाली ओढून आमी चौघांनी ते केलं. नवरदेवाचा शर्ट माझ्याकडं आला. नाकातनं पाणी गळलालंय आन मी कॉलरखाली बोटभर जागा सोडतोय. त्या नवरदेवाला काय माहीत.

रविवारची वार्षिक सभा शोकसभा झाली. हॉल गच्च. पुढं तुमचा कोटातला फोटो. एकेक जण पोकळी भरून गेला. आन सिद्रामअण्णा आले होते, मामा. पांढरं धोतर, हातात पिशवी, चपलांच्या ढिगाजवळ उभे. त्यांना वाटलं असंल तुमाला काय बोलायचंय ते ऐकायला जावं, आन हितं येऊन बघतेत तर हार घातलेला फोटो. अध्यक्ष नागेशदादांनी त्यांना बघितलं आन माईक तोंडाजवळ असताना म्हणाले, "फितुराला कुणी बोलावलं?"

सिद्रामअण्णा वाकून चप्पल हुडकू लागले.

मी उठलो. म्हटलं, "दादा, त्यांना मामांनी बोलावलंय." कुणी ऐकंना. "बस रे नकल्या, आज सोंगं नकोत." मी म्हटलं ती घडी त्यांची न्हवती. मागनं एक जण म्हणाला, "तुझा जन्म तरी झाला होता का?" खरंच न्हवता झाला. माझ्या आवाजाला त्या हॉलमध्ये काडीची किंमत न्हवती. आन सिद्रामअण्णांच्या एका पायात चप्पल आली होती.

मी माईकपाशी गेलो. बोट जिभेला लावलं, हवेत टेकवलं.

छस्स.

मामा, हॉल असा गप झाला की पंख्याची कुरकुर ऐकू आली. म्हाताऱ्या माणसांनी फोटोकडं बघितलं. मलाच भ्या वाटलं, कारण तीन दिवस भाजीवाल्याचीबी नक्कल होत न्हवती, मग हा आवाज आला कुठनं? मी तुमच्यावानी खोकललो.

"साथियों. मैं रशीद बोलतोय. त्या आहेराच्या ताटातली घडी सिद्याची न्हाई. ती माझ्या घरातल्या एका माणसानं घातली. मला त्याच सांजेला कळलं. युनियन मोडंल म्हणून मी गप बसलो, आन मग गप बसायची सवयच लागली. सिद्या, तू माझ्यापायी खोटं बोललास. ते खोटं मी ठिगळ लावून काचेत ठेवलं. मेरे कू..."

पुढं तुमचा आवाज फुटला आन आतनं माझा रडका निघाला.

सिद्रामअण्णा हात वर करून म्हणाले, "साकु. साकु रे." कानडीत बास म्हणतेत ते. आन तसेच एका पायात चप्पल घालून उभे राहिले. नागेशदादा खाली मान घालून मागच्या खोलीत गेले. मला वाटलं माझ्यासाठी काठी आणायला गेले. तर स्टूल घेऊन आले, तुमचं, दुकानातनं फोटोशेजारी ठेवायला आणलेलं. सिद्रामअण्णांच्या मागं ठेवलं. अण्णा आदी त्या स्टुलाकडंच बघत बसले, म्हणजे उभेच. मग टेकले. ज्या संपानं त्यांना घालवलं त्या संपाचं स्टूल.

तुमी तिथं पाहिजे होता. मी तुमच्यासारखा आवाज काढतो, पण अण्णा बसल्यावर तुमी कसं तोंड केलं असतं ते मला येत न्हाई.

सभा सुटायच्या आत फोनवर फोन. कुणीतरी सगळं मोबाईलवर धरलं होतं आन शेजारच्या बाईनं ते मामीला ऐकवलं. विचार करा मामा, चौथ्या दिवशी घरात नवऱ्याचा आवाज. निरोप आला, 'नकल्याला म्हणावं आत्ता ये.' मी पायऱ्या चढताना ठरवलं, मारलं तरी खायचं. मामी इद्दतीत, नवरा गेल्यावर काही महिने बाई बाहेरच्या माणसापुढं येत न्हाई, म्हणून दारातल्या पडद्याआडनं बोलल्या.

"आवाज बराबर काढलास. खोकला जरा जास्त झाला."

मला वाटलं सुटलो.

"मान खाली घालू नको, पडद्यातनं दिसतंय मला. घरातलं एक माणूस म्हणजे कोण रे? मांजर?"

मी दारातल्या चपला सरळ करू लागलो.

"बोल की. आता कुटं गेली जीभ?"

"मामांनी सांगितलं होतं, तुमचं नाव..."

"त्यांनी सांगितलं होतं! मलाबी त्या सांजेला त्यांनीच सांगितलं, गप बस, युनियन मोडंल. बसले. सिद्रामअण्णा न सांगता गप बसला. म्हटलं आता हे पोरगं तरी बोलतंय. तर तूबी तेच! त्यांचा खोकला उचललास, छस्स उचललंस, आन माझं नाव गिळायचं तेबी उचललंस. एवढी हुबेहूब नक्कल कुणी सांगितली होती रे मुडद्या?"

"मामी, लोकं तुमाला फितूर..."

"म्हणू देत! त्या पोरीची हळद होती. आजबी कुणी दारात बोचकं ठेवलं तर आज करीन. आन तो नियम, लग्नाचं आन मयताचं कापड अडवायचं न्हाई, त्याच्यावर टाळ्या घेतेत ना सगळे पुढारी? तो कुणाच्या हातनं झाला? घरातल्या एका माणसाच्या? जा, ते ठिगळ उसव आदी. मग वही काढ आन लिही. जैतून. जैतूनबी रशीद, भवानी पेठ. घडी माझी होती."

मी व्हय म्हटलं आन वळलो.

"आन हितं ये परत. शर्ट बघ कसला चुरगाळलेला घालून आलाय, मयताच्या घरी. लाज वाटत न्हाई? ह्यांच्या शेजारच्या टेबलावर असतोस ना रे तू?"